कसर, वाळवी की 'चंदेरी मासा'?

पांझराकाठ : आजोबांच्या भुसार दुकानाच्या जुन्या वह्या काल माळ्यावरून काढल्या. लाल कापडी पुठ्ठा उचलला तर राखाडी, चकचकीत किडा सुर्रकन शिवणीत शिरला. मागे तीन केसांसारखी शेपटी. आई म्हणाली वाळवी. आजी अहिराणीत म्हणाली, "वहीले कसर लागनी." मुलगा म्हणतो 'चंदेरी मासा'. बरोबर कोण?

काळीमाती : आजी. वाळवी वारुळातली, मातीचे बोगदे करत येते आणि लाकूड आतून पोकळ करते. कसर कागद वरवर खरवडते, कडा कुरतडते. 'चंदेरी मासा' हे 'सिल्व्हरफिश' या इंग्रजी नावाचं शब्दाला शब्द भाषांतर. तापीकाठी मासा म्हटलं की कालवण आठवतं, पुस्तकाचं कपाट नाही!
स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये दिलेलं शास्त्रीय नाव मात्र नेमकं आहे, लेपिस्मा सॅकॅरिना. सॅकॅरिना साखरेवरून, कारण तिला साखर आणि पिठूळ पदार्थ प्रिय. म्हणून तुमची शिवणीत शिरली, बाइंडरने तिथेच खळ चोपडलेली असते.

केळीबाग : आमच्या रावेरकडे लोकरीच्या शालीला भोकं पडली तरी कसरच म्हणतात. ती खरं तर पतंगाची अळी. पण बोलण्यात एवढं कोण बघतो? आणि 'एक कसर दिसली' असं मी क्वचितच ऐकलंय. कसर 'लागते', गंज लागतो तशी.

पांझराकाठ : मग 'कसर भरून काढणे' यातली कसर तीच का? किडा खातो, म्हणून कमी पडतं?

काळीमाती : जुळवायला छान, पण नाही. ती अरबी 'कस्र'वरून आली, म्हणजे मोड, अपूर्णांक. हिशेबातली तूट. 'अंगात कसर आहे' म्हणजे बारीक ताप, ही आणखी तिसरी छटा. वह्या वाळवा आधी. कसरीला दमट जागा लागते.

केळीबाग : श्रावणात कुठलं ऊन? मे महिन्यात काढायच्या होत्या, पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा. आता पंख्याखाली पसरा. डांबराच्या गोळ्या नंतर.

पांझराकाठ : पसरल्या. आणखी दोन निघाल्या. एका गिऱ्हाइकाच्या खात्यात नाव शाबूत आहे, बाकीचा आकडा तेवढा खाल्लाय. आजी चष्मा लावून अजून तोच शोधतेय.