मदत हवी आहे: कॅटामरानच्या डोलकाठीचं फायबरचं टोक निघत नाही (नाशिक)

नमस्कार मंडळी,

आम्हा मित्रांकडे एक जुनी होबी १६ आहे, म्हणजे दोन सांगाड्यांची शिडाची होडी (कॅटामरान). आधी मुंबईच्या खाऱ्या पाण्यात चाललेली, आता गंगापूर धरणावर. डोलकाठी साधारण ८ मीटरची. खालचा मोठा भाग ॲल्युमिनियमचा, वरचं टोक फायबरग्लासचं. टोकाचा गळा ॲल्युमिनियमच्या नळीत शिरलेला आहे, रिवेट मारून आणि चिकटवून पक्का केलेला. तो गळा बाहेर काढायचा आहे.

जोडाजवळ शिडाची खाच जुळत नाही. शीड चढवताना कडेचा दोर तिथेच अडकतो आणि जोर लावला की कापड उसवतं. त्याहून मोठी काळजी पाण्याची. होडी कलंडली की हवाबंद डोलकाठी तरंगते, म्हणून होडी सहजासहजी पूर्ण पालथी होत नाही. आमच्या जोडातून आत पाणी शिरतं, म्हणजे तो आधारच गेला. वरून सीलंट फासून हे भागणार नाही. टोक काढून, साफ करून, सरळ बसवायला हवं.

रिवेटची डोकी ड्रिलने उडवली. भोकांभोवती पांढरी भुकटी निघाली; स्टीलचे रिवेट, ॲल्युमिनियम आणि मीठ एकत्र आल्यावर गंज धरणारच. डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर ठेवलं. मग खालचं टोक झाडाला बांधून चेन पुलीने ओढलं. फायबर करकरायला लागल्यावर थांबलो. नळी गोल नाही, थेंबाच्या आकाराची आहे, त्यामुळे पिळून सैल करायची सोयही नाही.

सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये सांगितलं, टोक कापून टाका, वरपर्यंत ॲल्युमिनियम लावून देतो. ते मला मुळीच नको. अमेरिकेत डोलकाठी विजेच्या तारांना लागून माणसं दगावली, तेव्हा या होड्यांना फायबरचं टोक आलं. आमच्या शेडपासून पाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरही तारा आहेत आणि होडीवर शाळकरी मुलं येतात. टोक आणि नळी, दोन्ही वाचायला हवं. उष्णता द्यावी का? दिली तर किती?

प्रतिसाद: अंबडचा फिटर

दादा, उष्णता द्या, पण गॅसची ज्योत नको. ॲल्युमिनियम २०० अंशांच्या आसपास बराच वेळ राहिलं तर त्याची ताकद उतरते, आणि फायबरमधलं रेझिन त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं. जोडावर जुनी पोती गुंडाळा आणि उकळतं पाणी ओतत राहा. ते १०० अंशांपुढे जातच नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमला धोका नाही. साधं एपॉक्सी (जोडातलं चिकट) बहुधा ६० ते ८० अंशांत ढिलं होतं. नळी फुगून टोक सुटेल या भरवशावर मात्र राहू नका: ६० मिमी रुंद ॲल्युमिनियम ६० अंशांनी तापवलं तरी जेमतेम ०.०८ मिमी वाढतं. खरं काम चिकट मऊ होण्याचं आहे.

आणि लांबून ओढू नका. जोडाच्या खाली एक आणि वर एक असे लाकडी शिकंजे आकाराप्रमाणे कोरून, आत रबर घालून आवळा. दोन्हींच्या मध्ये दोन बाजूंना आट्यांचे रॉड आणि नट लावून शिकंजे एकमेकांपासून लांब ढकला. दोन्हीकडे नट पाव-पाव फेराच फिरवा, नाहीतर गळा तिरपा होऊन आणखी आवळेल.

प्रतिसाद: धरणावरचा

आधी रिवेटचे दांडे तपासा. डोकं उडालं तरी दांडा भोकात राहून खिळीसारखा धरतो. पंचने आत ठोका. शिडाच्या खाचेतही टॉर्च मारून बघा, पूर्वीच्या मालकाने तिथे एखादा मारलेला असू शकतो. आणि एक विनंती: टोक फायबरचं असलं तरी खालची नळी आणि ताणाच्या तारा वीज वाहतातच. विजेच्या तारांखालून जाताना डोलकाठी आडवीच ठेवा, विशेषतः मुलं सोबत असताना.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खाचेत सीलंटखाली खरंच एक रिवेट दडलेला होता! तो काढून, उकळतं पाणी ओतून शिकंजे लावले आणि टोक बोटभर वर आलं. फायबरला चीर नाही. पाणी थंड झालं की पुन्हा धरतं, म्हणून उद्या मोठं पातेलं आणि आणखी माणसं घेऊन बसतो. डोलकाठी तेव्हाही आडवीच राहील.

पुढचं विचारून ठेवतो: डब्ल्यूडी-४० आत गेलं आहे. नवीन चिकट लावण्याआधी ॲसिटोनने पुसून, पॉलिश पेपर मारणं पुरेल का? आणि भोकं जुनीच वापरावीत की जरा सरकवून नवी पाडावीत?