रिलीजआधी विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर टेस्टिंग: छोट्या टीमने किती आणि कसं करायचं?

रबाळे_कोडर
नमस्कार मंडळी. महाप्याला आमची छोटी टीम आहे, वाशीच्या एपीएमसीतल्या गाळेवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतोय. दिवसाची आवक भरायची, हमाली-तोलाई-वाराई वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या मालाच्या हिशोबाची पावती) निघते, आणि सीएसव्ही फाईल मिळते जी त्यांचा अकाउंटंट एक्सेलमध्ये उघडतो. सगळं पायथनमध्ये आहे, पायइन्स्टॉलरने (पायथन प्रोग्रॅमची थेट चालणारी फाईल बनवणारं टूल) पॅकेज करून द्यायचा विचार आहे.
आम्ही सगळे उबंटू २४.०४ वर काम करतो, एकाकडे मॅक आहे. गाळ्यांवर मात्र जवळपास सगळीकडे विंडोज, त्यातही बऱ्याच जणांकडे अजून १०च, आणि एका पेढीवर उबंटू २०.०४ आहे. आमच्याकडे टेस्ट्स सगळ्या पास होतायत. डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल) वेगवेगळ्या इमेज लावून टेस्ट केलं तर पुरेल का, की खरंच प्रत्येक ओएसवर जायला लागेल? मार्केटमध्ये पहाटेच धंदा सुरू होतो, तेव्हा सॉफ्टवेअर अडलं तर शेतकरी पट्टीसाठी ताटकळत बसणार, ते पहिल्याच रिलीजला अजिबात नको आहे.

ऐरोलीची_क्यूए
डॉकरने तुझं काम भागणार नाही रे. कंटेनर होस्टचाच कर्नल (ओएसचा गाभा) वापरतो, त्यामुळे लिनक्सची कितीही इमेज बदललीस तरी ती लिनक्सचीच टेस्ट झाली, विंडोजबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तसंही पायइन्स्टॉलर क्रॉस-कंपाइल करत नाही, विंडोजची एक्झी विंडोजवरच बनवावी लागते, म्हणजे विंडोज मशीन तुला लागणारच आहे.
पण माझ्या मते याहून महत्त्वाचं वेगळंच आहे. तुमच्या टेस्ट्स सोर्स कोडवर चालतात आणि गाळेवाल्याला जातं ते पॅकेज. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! पॅकेजमध्ये एखादी टेम्प्लेट फाईल, फॉन्ट किंवा डीएलएल आलीच नाही तर सोर्सवरच्या टेस्टला ते कधीच दिसणार नाही कारण ती फाईल तुमच्या फोल्डरमध्ये असतेच. म्हणून बिल्ड झालेली एक्झी उचलायची, जिथे पायथन नाही, व्हिज्युअल स्टुडिओ नाही अशा कोऱ्या मशीनवर टाकायची आणि तिथून पट्टी काढून बघायची. विंडोज प्रो असेल तर त्यात विंडोज सँडबॉक्स फुकट मिळतो, बंद केला की सगळं पुसलं जातं, दर वेळी कोरं मशीन. होम एडिशनमध्ये तो नाही. आणि सँडबॉक्सच्या आत होस्टचंच व्हर्जन असतं, ११ वर उघडलास तर आतही ११च, म्हणून १० साठी वेगळी व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) किंवा जुना पीसी ठेवाच. मायक्रोसॉफ्टने १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला हे खरं, पण गाळ्यावरचा पीसी चालतोय तोवर कोणी बदलत नाही.

वागळे_इस्टेट
ताईंशी सहमत, फक्त डॉकर अगदीच टाकून देऊ नकोस. ती २०.०४ वाली पेढी आहे ना, तिथे कामाला येईल. २४.०४ मध्ये जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३९ आहे आणि २०.०४ मध्ये २.३१. नव्यावर बनवलेलं जुन्यावर बहुतेक सुरूच होणार नाही, उलटं चालतं. त्यामुळे लिनक्सचं बिल्ड २०.०४ च्या कंटेनरमध्येच कर, सगळ्यात जुनं जे सांभाळायचंय त्यावर बनवायचं हा साधा नियम.
बाकी विंडोजवर पायथनवाल्यांना हमखास अडवणाऱ्या गोष्टी सांगतो, आधी कोडमध्ये शोधून ठेव. एक म्हणजे ओपन() ला एन्कोडिंग (अक्षरं फाईलमध्ये साठवायची पद्धत) दिलं नाही तर विंडोजवर यूटीएफ-८ नाही तर सिस्टिमचं जुनं कोडपेज घेतलं जातं (बहुतेक सीपी१२५२), की मराठी नाव लिहायला गेलं तिथेच एरर. हे पायथन ३.१५ पासून बदलतंय, तोवर वॉर्न-डिफॉल्ट-एन्कोडिंग हा ऑप्शन लावून उबंटूवरच टेस्ट चालवा, जिथे जिथे एन्कोडिंग राहिलंय तिथे वॉर्निंग येते, ३.१० पासून आहे हे. सीएसव्हीला यूटीएफ-८-सिग वापरा, सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण) नसेल तर एक्सेल डबल क्लिकवर देवनागरीचा पार चुथडा करतं. तारखेतला आधीचा शून्य काढायला %-डी लिहिलं असेल तर ते लिनक्स-मॅकवर चालतं, विंडोजवर नाही. आणि टाइमझोन! पायथनच्या झोनइन्फोमध्ये एशिया/कोलकाता मागितलं की लिनक्स सिस्टिमचा डेटा वापरतं, विंडोजकडे तो नसतोच, टीझेडडेटा पॅकेज सोबत द्यावं लागतं, आणि पायइन्स्टॉलरच्या बंडलमध्ये ते खरंच आलंय का तेही बघा.
अजून एक, अकाउंटंटने सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडी ठेवली असताना तुमच्या प्रोग्रॅमने तीच फाईल परत लिहायची टेस्ट करा. लिनक्सवर ती आरामात बदलली जाते, विंडोजवर परमिशन एरर येते. मार्केटमध्ये हे रोज होणार.

घोडबंदर_रोड
मॅकचं मी सांगतो, सोडून द्या. एकाही गाळ्यावर मॅक नाही म्हणताय तर पॅकेज करायचंच कशाला? मॅकसाठी अॅपलचं डेव्हलपर अकाउंट, साइनिंग, नोटरायझेशन (अॅपलकडून तपासून घेणं) हे सगळं आलं, शिवाय लायसन्सप्रमाणे मॅकओएसची व्हीएम अॅपलच्याच हार्डवेअरवर चालवता येते. तो वेळ विंडोज १० वर घाला. टेस्ट्स मॅकवर चालू राहू दे, तेवढं पुरे.
गिटहबवर असाल तर अॅक्शन्समध्ये उबंटू आणि विंडोज दोन्ही रनर (टेस्ट चालवणारी मशीन) लावा, प्रत्येक पुशला चालू देत. प्रायव्हेट रेपोला विंडोजची मिनिटं लिनक्सपेक्षा महाग पडतात पण तुमच्या कामाला तेवढं परवडेल. फक्त सीआय (म्हणजे या आपोआप चालणाऱ्या टेस्ट्स) हिरवं झालं म्हणून रिलीज करू नका, रनरवर ढीगभर टूल्स आधीच टाकलेली असतात, ते कोरं मशीन नाही. ब्राउझरमधून एक्झी डाउनलोड केल्यावर स्मार्टस्क्रीन जी निळी खिडकी दाखवतं ती सीआयमध्ये कधीच दिसत नाही, आणि गाळेवाला तिथेच घाबरून फोन करतो. एक्झी साइन केलेली नसेल तर ती येणारच धरून चाला.

रबाळे_कोडर
खूप आभार सगळ्यांचे, मॅकचं पॅकेज काढून टाकतोय. टाइमझोनचं तर डोक्यातच नव्हतं. एक विचारायचं राहिलं, पट्टीच्या फाईलला शेतकऱ्याच्या नावाने सेव्ह करतो, म्हणजे "मोऱ्यांची पट्टी" वगैरे. यात ओएसप्रमाणे काही गडबड होऊ शकते का?

वागळे_इस्टेट
हो, आणि नेमकी त्या ऱ्या मध्येच. युनिकोडमध्ये ऱ हे एक अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असं मोडूनही. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवर नावं मोडलेल्या रूपात साठवली जायची. लिनक्स आणि विंडोज ही दोन रूपं वेगळी नावं समजतात, म्हणजे एकाच शेतकऱ्याच्या दोन फाईली एकाच फोल्डरमध्ये. हे एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरं एकाच ठरावीक रूपात आणणं) केलं की सुटतं. पण काही कीबोर्डवरून तोच ऱ्या, र, हलंत आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप होतो, दिसायला सारखाच, आणि त्याला नॉर्मलायझेशन हात लावत नाही. ते तुम्हालाच कोडमध्ये बदलावं लागेल. मी तर म्हणेन फाईलच्या नावात पट्टी नंबर आणि तारीख टाका, शेतकऱ्याचं नाव फाईलच्या आत राहू दे. टेस्ट डेटात मात्र कऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे अशी नावं दोन्ही प्रकारे टाइप करून ठेवा आणि नावाने शोधल्यावर दोन्ही सापडतात का ते विंडोज १० वर बघा.