मदत हवी आहे : कोपराखालून उजवा हात गेलेल्या शेतकरी बहिणीसाठी केबलवर चालणारा हात घ्यावा की मायोइलेक्ट्रिक?

नमस्कार.

माझी धाकटी बहीण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात शेती करते. यंदाच्या उन्हाळ्यात कडबा कुट्टी यंत्रात वैरण सरकवताना तिचा उजवा हात सापडला आणि कोपर व मनगट यांच्या साधारण मध्यावरून तो काढावा लागला. कोपर शाबूत आहे, जखम पूर्ण भरली आहे, बँडेजने सूज बरीच उतरली आहे आणि आता कृत्रिम हाताचा विचार करण्यास हरकत नाही, असे शल्यचिकित्सकांनी सांगितले आहे. अपघाताला अजून सहा महिने झालेले नाहीत. ती पहिल्यापासून उजव्या हाताने काम करणारी आहे. डाव्या हाताने सही आणि जेवण जमू लागले आहे, पण घरातली आणि गोठ्यातली बहुतेक कामे अडली आहेत.

आम्हाला दोन ठिकाणी दोन टोकांचे सल्ले मिळाले. एका कार्यशाळेत खांद्याच्या पट्ट्यावर आणि केबलवर चालणारा, टोकाला हूक असलेला हात सुचवला गेला. दुसरीकडे एका विक्रेत्याने स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणाऱ्या, पाचही बोटे हलणाऱ्या मायोइलेक्ट्रिक हाताची चित्रफीत दाखवली. त्यात तो हात अंडे न फोडता उचलतो, हे खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र माझ्या बहिणीला म्हशीचे दावे सोडायचे आहे, कडब्याची पेंढी बांधायची आहे, परात धरून पीठ मळायचे आहे आणि साडीच्या निऱ्या स्वतः घालायच्या आहेत. त्याच वेळी, लग्नकार्यात बाही रिकामी दिसू नये, असेही तिने स्वतःहून सांगितले आहे आणि ती अपेक्षा मी गौण मानत नाही.

मी शिक्षक आहे, वैद्यकीय क्षेत्रातला नाही, तरी उपलब्ध संशोधन शक्य तितके वाचले. बिडिस आणि चाऊ या कॅनडातील संशोधकांनी 2007 मध्ये पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात हात वापरणे सोडून देण्याचे सरासरी प्रमाण प्रौढांमध्ये केबलच्या हातांसाठी 26 टक्के आणि विजेवरच्या हातांसाठी 23 टक्के आले आहे; मुलांमध्ये ते अनुक्रमे 45 आणि 35 टक्के आहे. प्रौढांमधला फरक इतका किरकोळ असेल, तर प्रकार निवडण्यावर आम्ही जो काथ्याकूट करीत आहोत त्याला कितपत अर्थ आहे, हा माझा पहिला प्रश्न आहे. अवयव गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत हात बसवलेले लोक तो पुढे टिकवून वापरण्याची शक्यता बरीच जास्त असते, असेही त्याच संशोधकांच्या कामात दिसते. अर्थात लवकर हात मिळणारी माणसे मुळातच चांगल्या केंद्राजवळ राहणारी किंवा अधिक उत्सुक असू शकतात. त्यामुळे घाई केल्यानेच फायदा होतो, असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही घड्याळ पुढे सरकते आहे, ही जाणीव आम्हाला आहे.

झुरिकमध्ये 2016 साली झालेल्या सायबॅथलॉन या कृत्रिम अवयव व सहायक उपकरणे वापरणाऱ्यांच्या स्पर्धेत कृत्रिम हातांच्या शर्यतीत केबलचा हात वापरणारा स्पर्धक पहिला आला, हे वाचून मी तर हुकाकडेच झुकलो होतो; पण त्या गृहस्थांना त्या हाताचा कित्येक दशकांचा सराव होता, हे नंतर कळले.

तेव्हा जाणकारांना विनंती अशी की, शेतात आणि गोठ्यात काम करणाऱ्या व्यक्तीसाठी यांपैकी कोणता हात आधी घ्यावा, हात येण्यापूर्वी आणि आल्यानंतर कोणते प्रशिक्षण आम्ही आग्रहाने मागावे, आणि गेलेल्या हाताची बोटे आवळली जात असल्याची जी वेदना तिला रात्री होते, तिच्यासाठी आरशासमोर करायच्या उपचाराचा खरोखर उपयोग होतो का, याविषयी मार्गदर्शन करावे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून एक हात गमावल्याबद्दल मिळू शकणारे 1 लाख रुपये आणि थोडी बचत एवढीच आमची आर्थिक मर्यादा आहे.

प्रतिसाद (मुंबईतील एक व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट)

नमस्कार सर. आपण ताईंच्या कामांची यादी दिली, हे फार उपयोगाचे झाले. आमच्याकडे मूल्यमापनाची जी कॅनेडियन पद्धत वापरतात, तिच्यातही रुग्णाने स्वतः कामे सांगायची आणि प्रत्येक कामाला महत्त्व, आजची क्षमता आणि समाधान यांसाठी 1 ते 10 असे गुण द्यायचे असतात. हे गुण ताईंकडून आजच लिहून घ्या; हात आल्यावर पुन्हा घेता येतील.

आपला पहिला प्रश्न रास्त आहे. हात खुंटीला टांगला जातो तो बहुधा सॉकेट (उरलेला हात ज्यात बसतो तो साचा) टोचते, उकडते, वजन सोसवत नाही, किंवा काढून ठेवल्यावरच काम पटकन होते म्हणून. म्हणून आधी सॉकेट नीट बसेल अशी जागा शोधा, टोकाला काय लावायचे ते त्यानंतर.

केबलच्या हातात पट्टा पाठीवरून दुसऱ्या बाजूच्या काखेत जातो आणि हात पुढे नेला की केबल ताणली जाऊन हूक उघडतो. पकड रबरी कड्यांची असते. एक कडे वाढवले की पकड साधारण अर्ध्या किलोने वाढते, पण उघडतानाही दर वेळी जास्त जोर लागतो. केबलच्या ताणावरून हूक किती उघडला आहे, हे न पाहताही समजते आणि धूळ, शेण, पाणी यांना तो दाद देत नाही. त्याची उणीव अशी की, हात अंगाजवळ, कमरेपाशी किंवा पाठीमागे असताना केबल ताणायला वाव राहत नाही. त्यामुळे पेंढी बांधणे जमेल. निऱ्या घालताना अडेल.

मायोइलेक्ट्रिक हातात सॉकेटच्या आत बसवलेले इलेक्ट्रोड त्वचेवरून संकेत पकडतात. बोटे मिटणारे आणि उघडणारे मुख्य स्नायू कोपराखाली असतात आणि ताईंचे ते बऱ्याच अंशी उरलेले असणार. म्हणून बोटे मिटण्याचा नुसता प्रयत्न केला तरी संकेत मिळू शकतो. हात कमरेशी असला तरी तो चालतो. परंतु घामाने संपर्क बिघडतो, वजन पुढच्या टोकाला येते, रोज चार्जिंग लागते, आणि वस्तू धरली की निसटली हे बहुतांशी डोळ्यांनीच पाहावे लागते. प्रयोगशाळेत या संकेतांवरून संगणकाने हालचाली ओळखण्याची अचूकता फार चांगली दिसते. हात वर किंवा खाली केला, सॉकेट जरा सरकले की ती घटते. विक्रेत्याच्या चित्रफितीत हे दिसत नाही.

माझे मत : आता केबलचा हात घ्यावा. सॉकेटच्या मनगटाशी टोक बदलता येणारी जोडणी मागून घ्या, म्हणजे शेतात हूक आणि समारंभात खऱ्या हातासारखा दिसणारा हात त्याच सॉकेटवर लावता येईल. पहिल्या वर्षभरात उरलेल्या हाताचा घेर कमी होत जातो आणि सॉकेट बहुधा बदलावेच लागते. महाग हात त्या काळात घेणे मला पटत नाही. रोटरीच्या शिबिरांत एलएन-4 हा हात मोफत मिळतो. तो हलका आहे, पण त्याची बोटे दुसऱ्या हाताने हलवावी लागतात. ताईंच्या कामांना तो अपुरा वाटतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगते. धार काढणे कोणत्याही कृत्रिम हाताने नीट जमणार नाही. ते डाव्या हातानेच करायचे. परात अडवून धरायला मात्र उघडा खुंट (उरलेला हात) पुष्कळदा अधिक बरा, कारण त्याला स्पर्श कळतो. हात घातला नाही म्हणून घरच्यांनी रागावू नये.

प्रशिक्षण आजपासूनच सुरू व्हायला हवे : कोपर आणि खांद्याच्या पूर्ण हालचाली, खुंटावर आधी मऊ आणि मग खरखरीत कापड घासून त्याची अतिसंवेदनशीलता कमी करणे, डाव्या हाताचा सराव. डावा खांदा आणि मान दुखू लागली तर लगेच सांगा. सगळा भार एका हातावर आल्याने हे नेहमी घडते. हात आल्यावर ठोकळे उचलण्यापुरता सराव पुरत नाही. दावे, दोरी, परात घेऊनच केंद्रात जा.

आरशाच्या उपचाराची (शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवून शाबूत हात हलवण्याची) कल्पना मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात हात गेलेल्या रुग्णांवरच मांडली होती. 2007 मध्ये बरेच गाजलेले नियंत्रित संशोधन मात्र पाय गमावलेल्यांवर झाले आणि त्यात वेदना घटल्या. हातांसाठीचा पुरावा तितका भक्कम नाही. तरी खर्च नाही आणि धोका कमी आहे. रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे करून पाहावे. आरशातला हात पाहून काहींना सुरुवातीला गलबलून येते, म्हणून पहिल्या वेळी सोबत थेरपिस्ट असावा. झोप उडवणारी वेदना असेल तर औषधेही आहेत, डॉक्टरांना जरूर विचारा.

धागाकर्ता

मॅडम, मनःपूर्वक आभार. निऱ्यांचे काम बहिणीच्या यादीत वरच्या क्रमांकावर आहे. पुढे कधी मायोइलेक्ट्रिक घ्यायचा झाल्यास तिचे स्नायू पुरेसा संकेत देतात की नाही, हे विकत घेण्याआधी तपासता येते का?

प्रतिसाद (व्यवसायोपचार तज्ज्ञ)

येते. खुंटावर इलेक्ट्रोड ठेवून मिटण्याचा आणि उघडण्याचा संकेत पडद्यावर वेगवेगळा दिसतो का, ते पाहतात. दोन्ही स्नायू एकाच वेळी आवळले जात असतील तर काही आठवडे सराव करून पुन्हा चाचणी करायची. मुंबईत हाजी अली येथे केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे कृत्रिम अवयव आणि व्यवसायोपचार हे दोन्ही विभाग एका आवारात आहेत. पुण्यात 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आपल्याला जवळ पडेल. ते सैन्यदलाचे असल्यामुळे इतर नागरिकांसाठीची पद्धत फोनवर विचारूनच निघा. निऱ्यांसाठी तूर्त एक करा : परकराच्या नाडीऐवजी रुंद इलॅस्टिक लावा, आणि निऱ्या पलंगावर घालून त्यांना कपड्यांचा चिमटा लावून मग खोचायला सांगा. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर त्याचा अर्जही याच आठवड्यात करा, कारण सरकारी योजनेतून हात मिळवायचा झाल्यास ते लागते.