फॅमिली डॉक्टरला शंभर, स्पेशालिस्टला आठशे. एवढी तफावत का?

पूर्वभागवाला:
अशोक चौकाकडच्या आमच्या डॉक्टरांची फी शंभर, वर तीन दिवसांच्या गोळ्या पुडीत बांधून. आई विड्या वळते. तिला धाप लागायची तर तंबाखूच्या धुळीचं आहे म्हणून घरात सगळ्यांनी सोडून दिलेलं. यांनी घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा तसाच राहिला. अशी सूज म्हणजे हार्टचं असू शकतं, लगेच हार्टवाल्याकडं चिठ्ठी. तिथं नुसत्या तपासणीचे आठशे, ईसीजीचे वेगळे. दुखणं पकडलं कुणी आणि पैसे कुणाला?

रेल्वेलाईन्स:
अर्धाच हिशोब मांडलात की. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, हार्टस्पेशालिस्टचं डीएम परत तीन. माझा हार्टवाला भाऊ कमवायला लागला तोवर केस पिकायला लागले होते. इकोच्या, म्हणजे हार्टच्या सोनोग्राफीच्या, मशीनचा हप्ता आहेच. रात्री दोनला फोन आला की उठून अँजिओप्लास्टी. पेशंट दगावला तर काचा कुणाच्या फुटतात?

शेंगाचटणी:
शिकलेल्याचे पैसे मिळू द्या, ना कोण म्हणतंय? पण खरी मेख वेगळीच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना घ्या नाहीतर आयुष्मान. पैसे मिळणार ते अॅडमिट झाल्यावर, ऑपरेशनला. ओपीडीला छदाम नाही. ज्यानं वीस वर्षं बीपी ताब्यात ठेवून लकवा टाळला, त्यानं बिल कुठं लावायचं?

रेल्वेलाईन्स:
योजनेचं पटलं. पण त्या पॅकेजचे दर भावासारख्यांनाही परवडत नाहीत. आणि चिठ्ठीमागचं 'कट', म्हणजे पेशंट पाठवल्याचं कमिशन, कोण घेतं, तेही बोला.

शेंगाचटणी:
घेणाऱ्याचं बोलताय, देणारा कोण? शंभरात भागत नाही म्हणून काहीजण घेतात. चूकच आहे, पण कारण तेच.

पूर्वभागवाला:
आमचे घेत नाहीत. फी दोनशे केली तर मी देईन. शेजारच्या मावशींना हजार विड्यांमागं मजुरी, त्या कुठून देणार?

कडकभाकरी:
म्हणून तर खिशातून नको. इंग्लंडात जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, नाव नोंदवलेल्या माणसामागं सरकार पैसे देतं, तो आला काय, न आला काय. नुसते सरकारी दर ठरवून भागत नाही: अमेरिकेत मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, 1992 पासून कामागणिक गुण लावून पैसे देतं, पण गुण सुचवणाऱ्या समितीत स्पेशालिस्टांचाच भरणा, ही तिथल्या फॅमिली डॉक्टरांची जुनी ओरड.

रेल्वेलाईन्स:
इंग्लंडात अपॉइंटमेंटसाठी किती थांबावं लागतं तेवढं विचारून या. आपल्याकडं सकाळी चप्पल घातली की अकरापर्यंत डॉक्टर भेटतो.