श्वेत बटू फुटताना पहिले काही तास इतके महत्त्वाचे का?

चांदणवेडी: आठवीला ‘ताऱ्यांची जीवनयात्रा’ शिकवते. श्वेत बटू ही सूर्यासारख्या ताऱ्याची अंतिम अवस्था, असं सांगून थांबले, तर एका मुलीने विचारलं, “शेवट झालेला तारा पुन्हा फुटतो कसा?” तिच्यासाठी वाचत बसले आणि मीच अडकले. २०११ साली एम१०१ दीर्घिकेत श्वेत बटू फुटून झालेला अतिनवतारा (सुपरनोव्हा; नाव २०११एफई) स्फोटानंतर साधारण ११ तासांत सापडला, याचं सगळीकडे केवढं कौतुक. पण तो सर्वांत तेजस्वी झाला जवळपास तीन आठवड्यांनी. मग सुरुवातीच्या मिणमिणत्या उजेडात काय ठेवलंय?

ध्रुवमत्स्य: मुलीचा प्रश्न रास्त आहे. एकटा श्वेत बटू निवत जातो, फुटत नाही. शेजारी सोबती हवा. त्याच्याकडून वस्तुमान ओढून घेत तो सूर्याच्या सुमारे १.४ पटीपाशी पोचला की आतला कार्बन भडकतो. तीन आठवड्यांनी दिसतो तो उजेड मुख्यतः स्फोटात तयार झालेल्या किरणोत्सारी निकेलचा. फुटलेला तारा केवढा होता, हे त्या झगमगाटात कळत नाही. ते कळतं सुरुवातीलाच, कारण तारा जितका मोठा, तितकी स्फोटाने तापलेल्या पृष्ठभागाची पहिली चमक ठळक.

२०११एफई अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या दुर्बिणीने २४ ऑगस्टला टिपला. पण माझ्या मते खरा ऐवज मायोर्का बेटावरच्या एका छोट्या दुर्बिणीचा फोटो. स्फोटानंतर जेमतेम चार तासांचा, आणि त्या जागी काहीच नाही! एवढ्या लवकर काहीच दिसत नाही म्हणजे फुटलेला तारा सूर्याच्या पन्नासाव्या हिश्श्याहून लहान असणार. इतका लहान आणि इतका जड म्हणजे श्वेत बटूच. तोवर हे गणिताने मानलेलं होतं, त्या कोऱ्या जागेने ते पक्कं केलं.

चांदणवेडी: आणि सोबती?

ध्रुवमत्स्य: तिथेच घोडं अडलंय. हबल अवकाश दुर्बिणीच्या जुन्या फोटोंत त्या जागी सोबती ठरेल असा तांबडा राक्षसी तारा नव्हता. स्फोटाचा मलबा मोठ्या सोबत्यावर आदळला तर पहिल्या काही दिवसांत जादा निळा-अतिनील उजेड दिसायला हवा, तोही दिसला नाही. दोन श्वेत बटूच एकमेकांत विलीन झाले असतील का? उलट, २०१८ओएच हा असाच दुसरा अतिनवतारा केप्लर अवकाश दुर्बिणीने दर अर्ध्या तासाला टिपला, त्यात सुरुवातीला जादा उजेड सापडला. काहींच्या मते ती सोबत्याची धडक, काहींच्या मते पृष्ठभागाजवळचं निकेल. मला तरी एकच वाट सगळ्यांना लागू पडेल असं वाटत नाही.

माळरान: २१ जानेवारी २०१४ला लंडनमध्ये एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना दुर्बीण शिकवत होते. ढग येत होते म्हणून घाईघाईत एम८२ दीर्घिकेकडे वळले आणि २०१४जे हा याच प्रकारचा अतिनवतारा सापडला. एम८२चं आपल्यापासून अंतर फक्त १.२ कोटी प्रकाशवर्षं.

मी १८ तारखेच्या रात्री सासवडजवळच्या शेतातून एम८२चाच फोटो काढला होता. चांदणं होतं, चित्र फिकट आलं, म्हणून जुन्या फोटोशी ताडून न बघता ठेवून दिलं. बातमी वाचून उघडलं तर दीर्घिकेच्या लांबट पट्ट्यात, मध्यापासून जरा बाजूला, तो ठिपका बसलेला. अजून चुटपुट लागते. वर्गासाठी आधीचा आणि तो, असे दोन्ही फोटो पाठवू का?

चांदणवेडी: नक्की पाठवा. काही न सांगता शेजारी शेजारी लावते. बघू कोणाला दिसतो.