एनएसमधलं वर्ष संपताना: 'दोन वर्षं फुकट' हे मला पटत नाही, तुमचं मत सांगा

हिरवा_गणवेश

नमस्कार मंडळी. वय १९, राहणार सिंगापूर, सध्या एनएस म्हणजे नॅशनल सर्व्हिस चालू आहे, आर्मीत मेडिक आहे. उद्या ३१ला गार्ड ड्युटी लागलीय म्हणून वर्षाचा हिशोब आजच लिहून टाकतो. मोठं होईल थोडं.

दिवाळीच्या फराळाला एका काकांकडे गेलो होतो, शुक्रवारी बुकआऊट झालं (म्हणजे सुट्टीसाठी कॅम्पबाहेर सोडलं) तसाच गेलो, केस बारीक, हातावर डासांचे वण, आणि काका सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, "पोराची दोन वर्षं फुकट गेली हो." लगेच दुसऱ्या एकांनी सल्ला दिला की धाकट्याचा पीआर, म्हणजे इथला कायम रहिवासाचा परवाना, वेळेत सोडून द्या, वयाच्या साडेसोळाला एनएसच्या रजिस्ट्रेशनची नोटीस येते त्याच्या आत. बाबा गप्प बसले. मोठ्यांसमोर मी काय बोलणार, पण तेव्हापासून डोक्यात आहे ते इथे बोलतो.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: इथे नागरिक असो की दुसऱ्या पिढीचा पीआर, प्रत्येक मुलाला अठरानंतर दोन वर्षं आर्मी, पोलीस किंवा सिव्हिल डिफेन्समध्ये (आग विझवणं, अॅम्ब्युलन्स वगैरे) द्यावीच लागतात. बाबांना स्वतःच्या नोकरीवर पीआर मिळाला, त्यांना सक्ती नाही. मला त्यांच्यामागे मिळाला, मला आहे. पासपोर्ट माझा अजून भारताचाच.

सुरुवात तेकाँग बेटावर झाली, तिथे साधारण नऊ आठवडे बेसिक ट्रेनिंग. संचलनाच्या आज्ञा मलय भाषेत, सार्जंट चिनी, शेजारच्या बेडवर तमिळ मुलगा, समोर मलय. ट्रेनिंगच्या आधी सगळ्यांनी एकदम बाटलीभर पाणी प्यायचं आणि बाटली डोक्यावर उपडी धरून दाखवायची, थेंब पडला तर कळतं कोणी प्यायलं नाही. फील्ड कॅम्पला जंगलात पाच-सहा दिवस आंघोळ नाही, अंगाला घामोळ्याची पावडर चोळायची, आडवं पडता येईल एवढा खड्डा स्वतः खणायचा, आणि तिथली माती पावसानंतर अशी चिकट की फावड्याला सोडत नाही. त्या कॅम्पात एका संध्याकाळी घरची पत्रं वाटतात. आईबाबांकडून ती आधीच गुपचूप मागवून घेतलेली असतात, आपल्याला पत्ता नसतो. आईने दुरेघी कागदावर लिहिलं होतं, "कानामागे नीट धू, आणि रात्री आठला तुझं ताट सवयीने घेतलंच जातं." समोरच्या मलय मुलाशी तोवर धड बोलणं पण झालं नव्हतं, त्याने त्याचं पत्र माझ्या हातात दिलं आणि माझं मागितलं, देवनागरी बघून म्हणाला तूच वाचून दाखव. दाखवलं. मग दोघं बराच वेळ काही बोललोच नाही. आज तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे आणि माझ्या कॉलेजमधून तो मला कधीच भेटला नसता.

मेडिकच्या कोर्सला सलाइन लावायला शिकलो, उष्माघाताची लक्षणं ओळखायला शिकलो. गेल्या महिन्यात रूट मार्चला एक जण वेड्यासारखं बोलायला लागला, नाव विचारलं तर सांगता येईना, त्याला कूलिंग युनिटमध्ये नेऊन अंग थंड करेपर्यंत माझे हात थरथरले नाहीत, नंतर थरथरले. त्याला दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जेवताना बघितलं. हे फुकट आहे असं कोणी म्हणालं की मला खरंच राग येतो.

माझं मत सरळ आहे. या शहराने आपल्याला नोकरी दिली, शाळा दिली, रात्री बारालाही आई एकटी घरी येऊ शकते असे रस्ते दिले. ते सगळं वर्षानुवर्षं घ्यायचं आणि मुलाची पाळी आली की पीआर सोडून निघायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

वुडलँड्सची_आई

अरे बाळा, तू छान लिहिलंस आणि तुझ्या आईचं पत्र वाचून माझ्या घशाशी आलं. पण शेवटच्या परिच्छेदाशी मी अजिबात सहमत नाही, आणि माझा मुलगा पुढच्या वर्षी सोळाचा होतोय म्हणून मला हे लिहायचा हक्क आहे.

पीआर कोणी घेतला? आम्ही. तो तेव्हा चार वर्षांचा होता, फॉर्मवर त्याने सही केली नव्हती. आईबापाने घेतलेल्या निर्णयाची परतफेड पोराने स्वतःच्या शरीराने करायची हे कुठलं गणित? माझ्या मुलाला आयआयटी करायचंय, रात्रंदिवस तेच डोक्यात. जेईई अॅडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी नाहीतर लगेच पुढच्या वर्षी, एवढीच संधी असते. दोन वर्षं एनएस केली की ते दार बंद, कायमचं. इथल्या युनिव्हर्सिट्या जागा राखून ठेवतात हे मला माहितीये, पण त्याला तिथे नाही जायचं ना.

आणि दोन वर्षांवर संपत नाही हे तू लिहिलंच नाहीस. पुढे दहा वर्षं रिझर्व्हिस्ट, म्हणजे राखीव सैनिक, वर्षाला चाळीस दिवसांपर्यंत बोलावू शकतात. २०१९ मध्ये न्यूझीलंडला तोफेच्या सरावात जो अभिनेता दगावला तो रिझर्व्हिस्टच होता, २८ वर्षांचा. त्याच्या आधीच्या वर्षी एक मुलगा उष्माघाताने गेला. त्या बातम्या वाचल्या तेव्हा माझा मुलगा प्रायमरीत होता आणि मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

पीआर सोडणं म्हणजे पळून जाणं नव्हे. कायद्यात बसतं ते, आणि त्याची किंमत मोजावी लागते, पुढे त्याला इथे शिकायला किंवा नोकरीला यायचं झालं तर अर्जावर परिणाम होतो, आमच्या रीएंट्री परमिटच्या (पीआर टिकवून देशाबाहेर ये-जा करायचा परवाना) नूतनीकरणावरही होऊ शकतो. आम्ही ती किंमत मोजायला तयार आहोत.

घाटावरचा_पाटील

मी सातारा जिल्ह्यातला, सिंगापूर कधी बघितलं नाही, पण फौज घरात बघितलीय. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, आजही घरटी कोणीतरी फौजेत असतो. माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झाले. आमच्याकडे पोरं भरतीसाठी पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतात, कोणी जबरदस्ती करत नाही, उलट चार वर्षांच्या अग्निवीरमध्ये पुढे २५ टक्केच ठेवणार म्हटल्यावर घराघरात किती कालवाकालव झाली ते मी पाहिलंय.

म्हणून मला सक्ती पटत नाही. ज्याच्या मनात नाही त्याच्या हातात रायफल देऊन काय मिळतं? आणि भाऊ, तू भारताच्या पासपोर्टवर दुसऱ्या देशाच्या झेंड्याखाली शपथ घेतोस, उद्या तुझ्या मनात कुठल्या मातीसाठी उभं राहायचं हा प्रश्न येणार नाही का? राग मानू नको, मनापासून विचारतोय. तुझ्या मेहनतीला सलाम आहेच.

जुना_रिझर्व्हिस्ट

माझा जन्म इथला, नागरिक आहे, रिझर्व्हिस्टच्या सगळ्या फेऱ्या करून मोकळा झालोय त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्यात.

पाटील, तुमच्याकडे दीडशे कोटी लोक आहेत, त्यातून हौशीने येणारे पुरतात. सिंगापूर ९ ऑगस्ट १९६५ला मलेशियातून बाहेर पडलं तेव्हा लोकसंख्या वीस लाखही नव्हती आणि स्वतःच्या पायदळाच्या बटालियन दोन. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑर्चर्ड रोडवरच्या मॅकडॉनल्ड हाऊसमध्ये इंडोनेशियाच्या घातपात्यांनी बॉम्ब उडवला होता. ब्रिटिश फौजाही निघून जाणार हे पुढे स्पष्ट झालं. पगारी फौज उभी करायची तर पैसा नाही, माणसं नाहीत, म्हणून संरक्षणमंत्री गोह केंग स्वी यांनी १९६७ साली सक्तीचा कायदा आणला आणि इस्रायली सल्लागार बोलावून फौज उभी केली. मनात असो नसो, प्रत्येकाने यायचं, मंत्र्याच्या मुलाने पण. त्या 'प्रत्येकाने'वरच सगळं उभं आहे. एकाला सूट दिली की दुसरा विचारणार, मग मीच का?

पण धागाकर्त्या, तुलाही सांगतो. वुडलँड्सच्या काकूंवर तू जे दडपण टाकतोयस ते मला आवडलं नाही. माझ्या बॅचला एक पीआर मुलगा होता, बापाच्या हट्टापायी आलेला, दोन वर्षं एका शब्दाने कुणाशी मन मोकळं केलं नाही, ओआरडी, म्हणजे दोन वर्षं पूर्ण होऊन सुटका, झाल्याच्या आठवड्यात ऑस्ट्रेलियाला गेला. त्याला विचार तुझं पत्रवाटपाचं वर्णन. तुला मेडिक मिळालं, काम अर्थाचं मिळालं. स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजत दोन वर्षं काढणारे पण खूप आहेत आणि ते फुकट म्हणाले तर त्यांना खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही.

मेघना_क

कोणी हेही बोला ना की मुलींना हे काहीच नाही. मी माझ्या भावापेक्षा एक वर्षाने लहान, पण युनिव्हर्सिटीत त्याच्या एक वर्ष पुढे आहे आणि नोकरीलाही आधी लागणार. घरी कोणी बोलत नाही पण त्याला ते लागतं हे मला दिसतं. मी स्वतः स्वयंसेवक दलात नाव द्यायचा विचार करतेय. सक्ती ठेवायची असेल तर दोघांना ठेवा, सिव्हिल डिफेन्समध्ये अॅम्ब्युलन्सवर काम करायला काय अडचण आहे आम्हाला?

हिरवा_गणवेश

मेघनाताई, शंभर टक्के. आमच्या युनिटमध्ये रेग्युलर, म्हणजे पगारी नोकरी म्हणून आलेल्या मेडिक ताया आहेत, माझ्या सलाइन लावण्याच्या चुका त्यांनीच काढल्या.

पाटीलकाका, राग कशाला. आज्जी पुण्यात आहे, गणपतीला जीव तिकडेच असतो. पण मी ज्यांच्यासाठी उभा राहतो ते लोक मला माहीत आहेत, खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी, मी शाळेत जायचो ती बस चालवणारे अंकल. भारताचं काही कमी करून मी इथे देत नाहीये. जिथे वाढलो तिथे देतोय.

जुना_रिझर्व्हिस्ट, ब्लँकेटं मोजणाऱ्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य, पण मग भांडण व्होकेशन (कोणाला कुठलं काम मिळतं ते) नीट देण्यासाठी करायचं, सगळी सर्व्हिसच फुकट ठरवण्यासाठी नाही.

काकू, तुमचं जेईईचं बरोबर आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही, ती संधी जातेच. सेफ्टीबद्दल मात्र सांगू शकतो कारण ते माझं रोजचं काम आहे. त्या मृत्यूंनंतर बरंच बदललं, मार्चच्या थांब्यावर थंड पाण्याच्या टबात कोपरापर्यंत हात बुडवून बसवतात, ताप असेल तर त्या दिवशी ट्रेनिंगला घेत नाहीत, आणि कोणीही, अगदी रिक्रूटसुद्धा, धोका दिसला तर थांबा म्हणू शकतो. शून्य धोका आहे असं मी म्हणणार नाही.

वुडलँड्सची_आई

तू तिथे आहेस म्हणून तुझं खरं धरते. पण मला सांग, तुझ्या आईला या वर्षात झोप लागली का? रात्री आठला ताट घेणारी बाई "फुकट नाही गेलं" म्हणेल का हे तू तिला विचारलंस?

हिरवा_गणवेश

विचारलं होतं काकू, पासिंग आऊट परेडच्या दिवशी. ती म्हणाली, "मला हे नकोच होतं, अजूनही नकोय, पण धाकट्याचं तूच त्याच्याशी बोल, मी नाही ठरवणार." बोललो. तो म्हणतो त्याला फायर ब्रिगेडमध्ये जायचंय. त्याचं वय १५. तुमच्या मुलाला तुम्ही विचारलंत का? जेईईबद्दल नाही, याच्याबद्दल.

वुडलँड्सची_आई

नाही. अजून नाही. त्याचे बाबा म्हणतात त्याला यात ओढायचंच नाही, बोर्डाचं वर्ष येतंय.

पुणे_ते_पुंगोल

मी माझ्या मोठ्या मुलाचा पीआर एनएसच्या आधी सोडला होता, म्हणून वुडलँड्सताईंसाठी लिहितो. निर्णय घेतला तेव्हा मुलाला विचारलं नाही, आणि तो आज बंगळुरूला उत्तम नोकरीत आहे, तरी मी योग्यच केलं असं ठामपणे म्हणतो. सतरा वर्षांच्या मुलाला भावनेच्या भरात काहीही बरोबर वाटतं, आईबाप असतात ते त्यासाठीच. धागाकर्त्याला वाईट वाटेल पण त्याचं हे पोस्ट नेमकं तेच दाखवतं, मित्र मिळाला, पत्र मिळालं, म्हणून दोन वर्षं बरोबर. ते त्याला कॉलेजातही मिळालं असतं.

हिरवा_गणवेश

काका, मार्चवर कोसळलेला मुलगा कॉलेजात नसता मिळाला. बाकी तुमच्याशी भांडत नाही, तुमचा मुलगा सुखात आहे हे वाचून बरं वाटलं. पण तो इथल्या मित्रांच्या लग्नाला येतो तेव्हा एनएसचा विषय निघाला की तो काय बोलतो, ते एकदा त्याला विचाराल का? मला खरंच जाणून घ्यायचंय, माझ्या धाकट्यासाठी.

चार वाजता बुकइन आहे, आता निघतो. उत्तरं परवा सकाळी ड्युटी सुटल्यावर वाचेन. सगळ्यांना नवीन वर्षाच्या शुभेच्छा.