मदत हवी आहे: संयुक्त बैठक होते की नाही? उत्तरतालिका चुकलीय का?

पेठेतला_परीक्षार्थी: वरच्या सभागृहानं विधेयक फेटाळलं तर पुढे काय? मी 'संयुक्त बैठक' वर गोल केला, क्लासच्या तालिकेत भलतंच. हरकत नोंदवायला रात्री बारापर्यंतच मुदत आहे. लवकर सांगा!!

निवृत्त_मास्तर: कुठलं विधेयक? साधं, धन (कर-खर्चाचं) की घटनादुरुस्ती?

पेठेतला_परीक्षार्थी: साधंच हो सर.

कोथरूडकर: मग संयुक्त बैठकच. कलम १०८. लोकसभेनं मंजूर केलेलं राज्यसभेनं फेटाळलं किंवा सहा महिने तसंच ठेवलं की राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्र बोलावू शकतात. आजवर तीनदाच झालीय: १९६१ हुंडाबंदी, १९७८ बँक सेवा आयोग रद्द करताना, २००२ पोटा (दहशतवादविरोधी कायदा). बिनधास्त हरकत घे.

निवृत्त_मास्तर: बिनधास्त काय? धन विधेयक असेल तर राज्यसभेच्या हाती फक्त १४ दिवस. घटनादुरुस्तीला तर संयुक्त बैठक नाहीच. पोरांना अर्धवट सांगू नका.

कोथरूडकर: त्यानं 'साधं' लिहिलंय मास्तर. वाचा तरी.

राज्यशास्त्र_वेडा: २००२ च्या बैठकीत अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष पी. एम. सईद होते. लोकसभेचे अध्यक्ष बालयोगी त्याच महिन्यात हेलिकॉप्टर अपघातात गेले होते. हे लक्षात ठेव, विचारू शकतात.

तात्या_बिबवेवाडी: राज्यसभाच बंद करा, सगळं तिथेच अडतं.

राज्यशास्त्र_वेडा: आणि महाराष्ट्राच्या १९ जागांचं काय करायचं तात्या?

नवा_भिडू: पेठेत दोन वेळची मेस कुठली चांगली? कालच आलोय.

मुक्ता_वाचते: प्रश्नाचा फोटो टाक ना. 'वरचं सभागृह' हे तुझे शब्द की पेपरातले?

पेठेतला_परीक्षार्थी: अभ्यासिकेचं नेट झोपलंय, टाइप करतो. "महाराष्ट्र विधानपरिषदेने साधे विधेयक फेटाळल्यास..." वरचंच ना ते?

मुक्ता_वाचते: अरे देवा. राज्यात संयुक्त बैठक नसतेच! कलम १९७. परिषदेनं फेटाळलं किंवा तीन महिने पडून ठेवलं, तर विधानसभा तेच पुन्हा मंजूर करून धाडते. दुसऱ्या खेपेला परिषदेला एकच महिना. तेव्हाही ती नाही म्हणाली, तर विधानसभेनं मंजूर केलेल्या रूपातच ते दोन्हीकडे मंजूर झालं असं धरतात. विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ एकत्र बसवून मतं मोजायची वेळच येत नाही.

कोथरूडकर: हे आधी सांगायला काय झालं होतं? मी तासभर दिल्लीत फिरतोय.

निवृत्त_मास्तर: म्हणून मी पहिल्याच ओळीत 'कुठलं' विचारलं होतं.

कोथरूडकर: तुम्ही विधेयक विचारलं, सभागृह नाही.

पेठेतला_परीक्षार्थी: म्हणजे तालिकेतला पर्याय 'क' बरोबर. गेला प्रश्न, वर पाव मार्क कापला. असो, हरकतीची फी वाचली. @नवा_भिडू, आमच्या गल्लीत एक मेस आहे, पोळ्या गरम मिळतात. रविवारी संध्याकाळी बंद असते, त्या दिवशी वडापाव.